ओहोटीला सुटनारी बोट

मला घरातून कुठं नेयचं म्हंजे एकतर दवाखाना, नायतर कुनाची मयत. म्हनून माझा मुलगा जेवताना म्हनाला, "आये, दिवाळीनंतर आपन सगळी बोटीनं जाऊ. मोठी बोट, मुंबईवरून सुटते, गोव्याला जाते, परत येते," तेव्हा घास माझ्या हातातच राहिला.

"सगळी म्हंजे कोन कोन?"

"आपन चौघं. मी, ही, पोरगी आनि तू."

"मी कशाला?"

"अगो, फिरायला! आख्खं आयुष्य खाडीच्या काठाला काढलंस, समुद्रात कधी गेलीस काय?"

सून ताटात बघत होती. ती शाळेत शिकवते, बोलायला कधी मागं नसते, पन त्या दिवशी गप्प. मी तिच्याकडं बघितलं आनि मनात म्हटलं, यात काय तरी हाय.

वाईट वाटून घ्यायचं मला काय कारन नव्हतं. पन आमच्या मागच्या आळीत एक म्हातारी हाय, माझ्याच वयाची. तिच्या मुलांनी तिला देवाला नेली. चार दिवसांनी आली तर दारातलं जांभळीचं झाड नाय, ओटी नाय, सगळं सपाट. तिला म्हनाले, तुझ्या डोळ्यासमोर केलं असतं तर तुला त्रास झाला असता. ती अजून त्या सपाट जागेवर येऊन उभी राहते नि परत जाते. तेव्हापासून आमच्या उमेळे गावातली कुठलीबी म्हातारी फिरायला निघाली की आमी बाकीच्या एकमेकींकडं बघतो.

आमच्या दारात झाड नाय. विहीर हाय.

त्या विहिरीचं सांगते. आमचं घर खाडीच्या अंगाला, कुठंही खना, खारंच पानी. मी लग्न होऊन आले तेव्हा गोडं पानी आनायला पार वरच्या वाडीत जावं लागायचं, आनि त्या लोकांच्या मनात असेल तरच भरू द्यायचे. सकाळी हंडे, मग मिठागरात मिठाच्या पाट्या, सांजच्याला परत हंडे. मिठानं पायाला भेगा पडायच्या, त्यात चिखल जायचा. रडून उपयोग नव्हता, पाय काय रडून भरत नाय.

माझे मालक म्हनाले, उंबर हाय आपल्या दारात, उंबराच्या मुळाशी गोडं पानी असतं. उंबर तोडायचा नाय म्हनून थोडं बाजूला खनायला घेतलं. ते खनायचे, मी घमेल्यानं माती वर ओढायची. दोन उन्हाळे तेच. लोक हसायचे. म्हनायचे, वरचं मिठागर पुरं पडत नाय, म्हनून यांनी जमिनीखाली बी एक काढलं. मग एका सांजेला पानी लागलं. मालकांनी ओंजळ भरून तोंडात घेतलं आनि थुकले नाय, गिळले. तेवढ्यावरून मला कळलं.  मी हंडा आनायला घरात गेले.

उंबर पुढं वादळात पडला. मालक बी गेले. विहीर राहिली.

आता चारी बाजूंनी बिल्डिंगी झाल्या, नळ आला, टँकर येतो. मुलानं गाडी घेतली, ती गल्लीच्या तोंडाला उभी करतो, त्यावरून शेजाऱ्यांशी रोज खटका. एकदा हसत हसत म्हनाला होता, "ही विहीर मधे नसती ना आये, तर गाडी सरळ दारात आली असती."  पन हसत बोललेलं मी जास्त लक्षात ठेवते.

तर बोटीचं ठरलं. म्हंजे ठरेचना. रोज जेवनानंतर तिघं मोबाईल घेऊन बसायची. नात कॉलेजात हाय, तिला खिडकीवाली खोली पाहिजे. ती दाबायची तोवर खोली संपलेली. मग उरली आतली, बिनखिडकीची.

"खिडकी नाय?" मी विचारलं. "मग खोली हाय का गोदाम?"

"आजी, भिंतीवर टीव्ही आहे, त्यात समुद्र दाखवतात."

"समुद्रात जाऊन टीव्हीत समुद्र बघायचा? तो मी इथं बसून बघते."

चौघांना एकच खोली, तर चौथी खाट वरून लटकलेली. तिच्यावर कोन चढनार? मुलगा म्हनाला नात. नात म्हनाली मम्मी. सून म्हनाली, "माझे गुडघे बघितलेत का?" शेवटी नात म्हनाली, "आजीलाच चढवू, तिचेच गुडघे चांगले आहेत." ते खरं होतं, म्हनून कुनी हसलं नाय.

बोटवाल्यांना फोन लावला तर पहिलं गानं वाजायचं, मग एक पोरगी इंग्रजीत बोलायची, मग ती दुसरीला द्यायची, मग परत गानं. म्हाताऱ्या मानसाला डॉक्टरचा कागद लागतो का? एक म्हनाली लागतो, एक म्हनाली नाय. आधारवर माझा जन्म एक जानेवारीचा, सुनेला वाटलं चालेल का नाय. मी म्हटलं, गावातली माझ्या वयाची सगळीच एक जानेवारीला जन्मली हायत, कोन बघतो?

घरचं खानं नेता येत नाय म्हनाले.

"भाकरी बी नाय?"

"नाही आई. तिथे सगळं असतं."

"सुकट?"

"सुकट तर नाहीच. वास येतो."

"सुकटीला वास नाय येनार तर काय येनार? समुद्रात सुकटीचा वास चालत नाय म्हंजे कसला समुद्र तो?"

हे सगळं एक वेळ मी सोडून दिलं असतं. पन नात बोलता बोलता म्हनाली की मधे समुद्रात गेल्यावर फोन लागत नाय.

मी विचारलं, "म्हंजे तेवढे दिवस घरी काय झालं ते आपल्याला कळनार नाय?"

आनि मुलगा लगेच, माझं वाक्य संपतंय तोच म्हनाला, "घरी काय होनार हाय?"

मी काय होनार असं विचारलंच नव्हतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो मोबाईलमधे बघत राहिला. आनि कोंबड्यांचं कोन बघनार म्हटलं तर सून पटकन म्हनाली, शेजारी ठेवू, मी बोलून ठेवलंय. माझ्या कोंबड्यांना तोवर तिनं कधी दाना टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नात एकटी होती तेव्हा मी तिला जवळ बसवली.

"बाय, बोट कुठल्या दिवशी सुटते?"

"शनिवारी. संध्याकाळी पाचला."

मी कालनिर्नय बघितलं. दुसरीपर्यंत शिकले, आकडे नि चंद्र कळतात. त्या शनिवारी अवस. अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती भरते, मग पानी उतरायला लागतं. पाच वाजता खाडीत नुसता चिखल. ओहोटीला बोट सुटत नाय. हे मला कुनी सांगायला नको.

मला दुसऱ्या खेपेला दिवस भरले होते तेव्हा नायगावच्या अंगाला रस्ता नव्हता. मालकांनी मला मिठाच्या होडीत घालून खाडीपलीकडं दवाखान्यात न्यायला काढली. पानी उतरलं आनि होडी चिखलात बसली. मालक नि दोन गडी कमरेएवढ्या चिखलात उतरून ढकलत होते, होडी जागची हलेना. पानी चढेपर्यंत मी तिथंच पडून. पानी चढलं तोवर बाळ गेलं होतं. तिथून पुढं मी कधी होडीत बसले नाय, आनि भरती-ओहोटीची वेळ कधी चुकले नाय.

म्हनून माझं मन पक्कं झालं. अवसेला पाच वाजता सुटनारी बोट खोटी. बोटच नाय. मला गाडीत घालून कुठं तरी नेनार, कुन्या नातेवाइकाकडं नायतर म्हाताऱ्यांच्या आश्रमात, आनि मागं विहीर. बॅगा, खिडक्या, ती लटकलेली खाट, सगळं माझ्यासाठी मांडलेलं नाटक. नातीला बी यात घेतली असेल का, हा विचार आला तेव्हा मात्र मला बसवेना. मी उठून अंगन झाडलं, झाडलेलंच परत झाडलं.

कुनाला काय बोलले नाय. औषधाची पिशवी भरली, लुगडं इस्त्रीला दिलं. जायची तयारी दाखवली. बघू कुठपर्यंत नेतात.

जायला आठवडा असेल. सगळी कामाला गेलेली. एक मानूस मोटरसायकलवरून आला, गल्लीच्या तोंडाला थांबला, पावलं मोजत मोजत आत आला आनि विहिरीत वाकून बघायला लागला. मी ओटीवर तांदूळ निवडत होते.

"काय रे, काय पडलं तुझं?"

"काही नाही आजी. विहीर हीच ना? डंपर वळेल का बघतोय."

"डंपर कशाला?"

"डेब्रिज टाकायला, पाडलेल्या बिल्डिंगचा राडारोडा. भरून घ्यायचीय ना. साहेब बोलले, पुढच्या आठवड्यात घरात कोणी नाही, तेव्हा करून टाका." मग माझ्याकडं बघून म्हनाला, "तुम्ही बाजूच्या का?"

"हो," मी म्हटलं. "बाजूचीच."

त्याला पानी दिलं. विहिरीतलंच. तो घटाघटा प्यायला, म्हनाला, "गोड आहे हो पाणी." मी म्हटलं, "हाय खरं."

त्या दिवशी सगळी जेवायला बसल्यावर मी वाढता वाढता म्हटलं, "डंपर वळत नाय गल्लीत. तुझा मानूस बघून गेला."

मुलाचा हात थांबला. सुनेनं डोळे मिटून घेतले. नात म्हनाली, "कसला डंपर?" आनि तिच्या तोंडावरून मला कळलं, तिला काय माहीत नव्हतं. ते बघून माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

"आये, ऐक..."

"ऐकते. जेव आधी."

तो जेवला नाय. म्हनाला, कठडा खचलाय, तू पहाटे एकटी वाकून पानी काढतेस, कधी तोल गेला तर? सून म्हनाली, "आई, खरं सांगते, मला रोज शाळेत फोन वाजला की तेच वाटतं." आनि गाडी? मी विचारलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हनाला, "गाडी बी हाय. खोटं नाय बोलत."

"आनि बोट?"

"बोटीचं काय?"

"बोट खोटी ना?"

तिघं माझ्याकडं बघायला लागली. "खोटी कशी असेल आजी?" नात म्हनाली. मग मी अवस सांगितली, ओहोटी सांगितली, पाचची वेळ सांगितली. नात तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "आजी, तू पोलिसात असायला पाहिजे होतीस! अगं तिथे पाणी खोल असतं, बोट कधीही सुटते." मुलगा हसला नाय. त्याला होडीचं माहीत हाय.

"बोट खरी हाय, आये," तो म्हनाला. "तुला खरंच न्यायची होती. ते दुसरं... तू असताना झालंच नसतं."

"नसतंच झालं."

तो म्हनाला, सगळं रद्द करतो. मी म्हटलं, नको. पोरीनं नवे कपडे घेतलेत, सुनेला सुट्टी मिळालीय. तुमी तिघं जा. चौथी खाट लटकू दे रिकामी. मी कुठं जात नाय.

तिघं गेली. शनिवारी दुपारीच मी गोधडी नेऊन विहिरीजवळ खाट टाकली आनि बसले. डंपर येनार नाय असं मुलानं माझ्यासमोर फोनवर सांगितलं होतं. पन फोनवर बोललेलं काय, दिसत थोडंच हाय. एक गाडी गल्लीच्या तोंडाला थांबली तेव्हा मी उठून उभी राहिले. कुनाचा तरी फ्रिज आला होता.

पाच वाजून गेल्यावर नातीचा फोन आला, तोंड दिसनारा. सगळीकडं वारा, केस उडत होते.

"आजी, बघ, निघालो!"

"तुझ्या बापाला दे."

मुलगा आला.

"किनाऱ्याकडं फिरव," मी म्हटलं. त्यानं फिरवला. लांब किनारा दिसला, त्याच्या पायथ्याशी काळा चिखल, उघडे दगड.

"पानी उतरलंय?"

"उतरलंय, आये. ओहोटीच हाय."

"आनि बोट चालतेय?"

"चालतेय."

मी बघत राहिले. चिखल हळूहळू मागं जात होता. एवढी मोठी बोट, कुनी ढकलत नव्हतं. मी म्हटलं, "बरं. सांभाळून जा."  मग चित्र अडकलं आनि फोन बंद झाला. मी बादली सोडली आनि पानी काढलं.

परत आल्यावर मुलानं कठडा बांधून घेतला, वर लोखंडी जाळी बसवली. बादलीपुरतं दार ठेवलं, त्याला कुलूप. चावी माझ्या हातात दिली, मी ती कमरेला अडकवली. गाडी अजून गल्लीच्या तोंडालाच असते, खटके अजून होतात.

बोटीबद्दल माझं चुकलं, ते मी मान्य केलं. पन नव्या कुलपाबरोबर दोन चाव्या येतात, एवढं मला कळतं. दुसरी कुनाकडं हाय ते मी विचारलं नाय, त्यानं बी सांगितलं नाय. रोज पहाटे जाळीचं दार उघडते आनि बादली सोडायच्या आधी वाकून बघते, पानी हाय ना.