दोनशेची लेन्स अन् माळढोक

मंठ्याच्या माळावर मी माळढोक पाहिला, हे कुणालाच पटलं न्हाई. सगळ्यात आधी पटलं न्हाई ते आमच्या मालकांना. जुन्या जालन्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओत फोटो कमी अन् किस्से जास्त साठतात. फोटो लोक घेऊन जातात, किस्से इथंच टाकून जातात. त्या एका पाखरापायी साठलेले तर घर भरून उरतील. मी चौथी शिकलेली बाई. बोलते तसंच लिहिते.

माहेराहून एसटीनं येत होते. इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हर पाणी आणायला गेल्ता. खिडकीतून पाहिलं तर दूर माळावर तो. उंच, मान ताठ, डोक्यावर काळी टोपी. चालत होता कसा, तर लग्नात नवरदेवाचा मामा चालतो तसा. लहानपणी बापाच्या मेंढरामागं फिरताना एकदाच दिसला होता. बाप म्हणला होता, "हा आधी माणसाच्या डोळ्यात बघतो, मंगच उडतो." तेव्हा तो डोळा मला दिसला न्हाई, फार लांब होता. तेव्हापासून जीवाला ते लागूनच राह्यलं.

घरी येऊन सांगितलं. मालक म्हणले, "गिधाड असंल."

"गिधाड असं ऐटीत चालतं व्हय?"

"मंग बाभळीचं खोड असंल."

"अन् खोड चालतं व्हय?"

त्यावर त्यांनी ताट मागितलं.

*

मालकांचं सगळं नाव होतं ते रिटचिंगला. खिडकीपाशी बसून, भिंगाखाली निगेटिव्ह धरून, बारक्या ब्रशानं ते माणसाचे तीळ, मस, देवीचे वण सगळे बुजवायचे. रंग एकदा निगेटिव्हात मुरला की धुतला तरी निघत न्हाई. आमच्या फोटोत एकाच्याबी गालावर डाग सापडायचा न्हाई.

एकदा एका मुलाचा फोटो स्थळासाठी राजूरला गेल्ता. मुलाच्या नाकावर हरभऱ्याएवढा मस. मुलीचा बाप मुलगा बघून आला तो थेट दुकानात. "फोटोतला पोरगा कुठंय? हा दुसराच दाखवून राह्यले."

मालक शांतपणे म्हणले, "पोरगा तोच आहे. साफ केलेला न्हाई, एवढंच."

*

समोरच्या शाळेतले गायकवाड गुरुजी मालकांचे दोस्त. रोज चहाला दुकानात. ते म्हणले, "वहिनी म्हणतात तर एकदा जाऊन बघू." गेलो. माळढोक काही दिसला न्हाई, पण काळविटांचा कळप दिसला. मालकांनी लग्नातला कॅमेरा डोळ्याला लावला अन् सवयीनं हाळी दिली, "हां, जरा हनुवटी वर."

कळपानं हनुवटी वर केली अन् जो पळाला तो पळालाच.

फोटोत आलं नुसतं गवत. गुरुजी बघून म्हणले, "गवत मात्र हसून राह्यलंय." तेव्हा ठरलं की लांबचं जवळ आणणारी टेलिलेन्स पाहिजे. मालकांचा माळढोकावर भरवसा न्हवता, पण लेन्सवर जीव होता. जन्मभर नवरदेवच टिपले होते बिचाऱ्यांनी.

*

जुन्या लेन्सा विकणारे अन्वरमियाँ हैदराबादेहून आले, तेव्हा दुकानात मी एकटीच. त्यांनी पावती काढली. "आपा, मालिक का नाम?"

आता नवऱ्याचं नाव कसं घेणार? लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही सासूनं चिमटा काढल्यावर. पुढं मतदार यादीवाले आले तरी शेजारणीकडून सांगवलं. मी म्हणले, "बोर्डावर बघा."

बोर्डावर 'सुंदर फोटो स्टुडिओ'. त्यांनी पावतीवर लिहिलं, सुंदरसेठ. तेव्हापासून ते मालकांना सुंदरसेठच म्हणायचे. आमचे मालक दिसायला कसे होते, ते मी इथं लिहीत न्हाई.

*

अन्वरमियाँनी दोन लेन्सा आठवडाभर बघायला ठेवल्या. एक दोनशेची, एक चारशेची. आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. दोन्ही गच्चीवर नेऊन लावून पाहिल्या, तर शेजारचे आडत दुकानवाले शेठजी तणतणत वर आले. "माझी बायको गच्चीवर पापड वाळवून राह्यली, अन् तुम्ही तिच्यावर तोफ रोखता?"

मी म्हणले, "शेठजी, तोफ तिकडं न्हाईच. या, बघा." चारशेची फिरवून त्यांच्या दुकानावर धरली. शेठजींनी डोळा लावला. त्यांच्या गादीवर मुनीम पाय पसरून घोरत होता, तोंडावर शेठजींचीच टोपी.

शेठजी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. पापड वाळले.

*

मंग मी स्वतः पाहिलं. कापसाच्या जिनिंगच्या धुराड्यावर घार बसली होती. दोनशेच्या लेन्समधून ती घार दिसली. चारशेच्यातून घारीचा पिवळा डोळा दिसला. मी मालकांना म्हणले, "चारशेचीच घ्या."

मालक म्हणले, "जड आहे, हात हालतो. उजेडबी लई लागतो."

"स्टँड लावा. मला त्याचा डोळा बघायचाय."

"अगं, दोनशेची लग्नातबी कामी येईल. मांडवाच्या दारातून नवरी बराबर टिपता येती."

झालं. पाखरासाठी निघालेली लेन्स नवरीसाठी घेतली. चारशेची अन्वरमियाँनी फडक्यात गुंडाळली, तेव्हा मी आत जाऊन भांडी घासली. बिलकुल हळू न्हाई घासली.

*

गवत पिवळं पडल्यावर परत माळावर गेलो. मी बापाचं घोंगडं पांघरून पुढं, मालक मागं, गुरुजी ओढ्याच्या चिखलात चप्पल शोधत. अन् तो आला. गवतातून आधी टोपी, मंग मान.

"ती बाभळ, तिच्या उजव्या अंगाला," मी पुटपुटले.

रिटचिंग करून मालकांची जवळची नजर पक्की, लांबची पार कच्ची. "मला काहीच दिसत न्हाई."

"नका दिसू. दाबा."

त्यांनी दाबलं. तेवढ्यात त्यानं मान वळवली. माझ्याकडं पाहिलं असंल. एवढ्या लांबून डोळा काही कळला न्हाई. मंग जड पंख मारत गेला. त्या माळावर पुढं कपाशी आली. मी अजूनबी एसटीत खिडकीच धरते.

घरी निगेटिव्ह धुतली. वाळत घातलेली असताना मी भिंगानं पाहिली. मुंगीएवढा होता, पण होता. मान होती. मी तशीच शाळेत गेले अन् शाळा सुटेपर्यंत दारात उभी राहून गुरुजींना घेऊन आले. वाटेत फेरीवर आलेले अन्वरमियाँ भेटले, तेबी आले. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं.

मालकांनी ओला फोटो समोर धरला. माळ, आभाळ, बाभळ. सगळं नवरीच्या गालासारखं साफ.

गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. "यात पाखरू कुठंय?"

मालक म्हणले, "पाखरू आलंच न्हाई. बाभळीपाशी तेवढा एक डाग आल्ता. तो मी काढला."

मी निगेटिव्ह उजेडाला धरली. रंग मुरला होता.

मंग सगळे बोलायला लागले. गुरुजी म्हणले, "चूक लेन्सची. चारशेची असती तर डाग काढायला दिवस लागला असता." अन्वरमियाँ म्हणले, "लेन्स का कुसूर नहीं, सुंदरसेठ." मालक म्हणले, "कुसूर हवेचा. धूळ लई होती त्या दिवशी."

गुरुजी माझ्याकडं वळले. "वहिनी, आता तुम्हीच सांगा. चूक कुणाची?"

मी डोक्यावरचा पदर नीट केला, अन् भरल्या दुकानात, मालकांच्या डोळ्यात बघून सांगितलं,

"काशिनाथ."