आधी शेळी, मग किल्ला

घरात, गल्लीत, ऑफिसात त्याला सगळे ‘आलोच’ म्हणायचे. कोणी हाक मारली की तोंडातून “आलोच!” निघायचं, आणि मग तासभर पत्ता नाही. वाटेत कोणाचा तरी चष्मा दुरुस्तीला न्यायचा असायचा, कोणाचा पंखा पुसायचा असायचा. नाही म्हणायला देवाने त्याला शिकवलंच नव्हतं.

पोटासाठी तो कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या गोष्टी लिहायचा. या खेळात खेळणाराच गोष्टीतला वीर होतो, हवं तिकडे फिरतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. आलोचच्या नव्या गोष्टीत राजाच्या मुलीला सेनापतीने किल्ल्यात कोंडलं होतं. पण खेळून बघायला बोलावलेली माणसं किल्ल्यापर्यंत पोचतच नव्हती. जांभया देत मध्येच उठायची.

कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याला समोर बसवलं. “अहो, तिकडे पोरीच्या गळ्याशी तलवार आणि तुमचा वीर इकडे शेळी शोधतोय?”

“शेळी सापडली नाही तर गुराख्याला घरी बोलणी बसतील ना.”

“सापडली. मग?”

“मग कुंभाराला माती आणून द्यायची.”

“आणि किल्ला?”

“येतोच की तो पुढे.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “शुक्रवारी पुन्हा माणूस बोलावते. तोही मध्येच उठला तर गोष्ट दुसऱ्याच्या हातात देईन. आणि ती सुई-दोऱ्याची म्हातारी सगळ्यात आधी जाईल. तिचा किल्ल्याशी काय संबंध?”

ती म्हातारी म्हणजे आलोचची मावशी. देवाघरी गेली, पण त्याला वाढवलं तिनेच. नजर अधू झाल्यावर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, “बाबा, एवढा दोरा ओवून दे रे.” तो ओवेपर्यंत एक गोष्ट सांगायची. दोरा ओवला की गोष्ट संपली. खेळातही तिने एवढंच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चपला घालत होता, तेवढ्यात बायको कुकरची शिट्टी घेऊन आली. “ताईंना द्यायची राहिलीय.”

“आत्ता देऊन आलोच, मग ऑफिसला जातो.”

“कशाला दोन खेपा? त्यांचं घर तुमच्या वाटेवरच आहे. वाटेवरचं काम वाटेतच करावं माणसाने!”

आलोच एक चप्पल हातात धरून तसाच उभा राहिला. “काय झालं?” बायकोने विचारलं.

“शेळी,” तो म्हणाला, आणि निघाला.

देवाचं नाव घेऊन त्याने गोष्ट उसवायला घेतली. गुराखी किल्ल्याच्या पायथ्याशी आला. शेळी कड्यावर अडकली, म्हणजे तिच्यामागे चढणाऱ्याला किल्ल्याची मागची वाट आपसूक सापडावी. कुंभार कुठेच बसेना. जीव तुटला, पण काढला. म्हातारी मात्र त्याने रस्त्याच्या कडेला बसवली, कसलीही सक्ती न ठेवता. थांबेल तो थांबेल.

शुक्रवारी खेळायला आले ते एक दाताचे डॉक्टर. खेळांचे भारी शौकीन. पडद्यावर म्हातारीने हाक मारली. डॉक्टर मोठ्याने म्हणाले, “आत्ता नाही हो आजी, घाईत आहे!” आणि सरळ पुढे गेले.

कड्यापाशी शेळी बें बें करू लागली. डॉक्टर खुर्चीच्या टोकावर सरकले. शेजारचा चहा गार झाला, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेळीच्या मागे चढत चढत ते थेट किल्ल्याच्या चोरदरवाजाशी पोचले. बाईंचा चेहरा खुलला.

आणि दाराला हात लावायचा, तेवढ्यात वीर गर्रकन मागे वळला.

“अहो डॉक्टर! किल्ला इकडे!” बाई ओरडल्या.

“दिसतोय की. पण आत गेल्यावर परत येता येतं की नाही कोण जाणे. त्या आजींचा दोरा राहिलाय.” डॉक्टरांनी वीराला पळवत उतारावर घातलं. “आलोच!”

खोलीत सगळे हसले. आलोचने मात्र खाली बघून चष्मा पुसायला घेतला.

बाई म्हणाल्या, “राहू द्या तुमची म्हातारी. पण कुंभार गेला तो गेलाच हं.”