बत्तिसावी ओळ

"ओळी मोजा, सर. पुन्हा मोजा."

"मी बावीस वर्षं मोजतोय. मला मोजायला शिकवू नकोस."

"पेपरात आपण लिहिलंय, मॉडेल बसवायला एकतीस कणांची वस्तुमानं वापरली. फाईलमध्ये बत्तीस आहेत."

"असेल एखादी रिकामी ओळ."

"रिकामी कसली! आपण भाकीत केलेला कणच बसलाय तिथे. आकड्यासकट, मांडी घालून!"

चौकडी सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर ओढला. लॅपटॉपवरची बत्तिसावी ओळ जागची हलली नाही. अकराच्या व्याख्यानाला पन्नास मिनिटं उरली होती, आणि त्यांची ही पीएचडीची विद्यार्थिनी, जिला ते कौतुकाने शंकाबाई म्हणत, आज कौतुक करावं अशी अजिबात वागत नव्हती.

'चौकडी सर' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सरांना ते आवडायचं, कारण त्यातली थट्टा त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. क्वार्क हा असा प्राणी, की एकटा कधी कुणाच्या हाती लागत नाही. तिघं मिळून प्रोटॉन होतात, एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून मेसॉन होतो, आणि एवढ्यावर त्यांनी शहाण्यासारखं थांबावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण प्रयोगवाल्यांना चौघाचौघांचे कण दिसू लागले. त्यातले दोघं 'चार्म' जातीचे, अंगाने भारी. आता हे चौघं एकत्र राहतात तरी कसे? सर म्हणायचे, गळ्यात गळे घालून, एकाच खोलीत, घट्ट चौकडी. सरांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, हेही याच धंद्यातले. ते म्हणायचे, छे हो! ही दोन वेगळी जोडपी आहेत. शेजारी राहतात, येऊन-जाऊन असतात, बस्स.

या वादात वीस वर्षं गेली. दोन्ही घरं जेवायला जमली की मीठ-मिरीच्या चार बाटल्या टेबलाच्या मध्यभागी यायच्या. सर चारही एकत्र दाबून धरायचे, साडू दोन-दोन करून लांब सरकवायचे, आणि बाकीची मंडळी मुकाट्याने अळणी जेवायची. एकदा साडूंनी उत्साहाने विचारलं, "आता आपलंच घ्या. तुम्ही दोघं, आम्ही दोघं. आपण चौकडी की दोन जोडपी?" सरांची बायको बशा उचलता उचलता म्हणाली, "मला तर इथे चार एकटे दिसतायत."

बायको दातांची डॉक्टर. "माझ्या पेशंटची कीड निदान आरशात दिसते," ती म्हणायची. "यांचा कण जन्मतो त्याच क्षणी मरतो, आणि हे वीस वर्षं त्याच्या घरगुती भानगडी सोडवत बसतात."

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी सरांचं नशीब फळफळलं. प्रयोगवाल्यांनी नव्या चौघांच्या कणाचं वस्तुमान जाहीर केलं आणि ते सरांच्या दोन वर्षांपूर्वीच्या पेपरातल्या आकड्याशी जुळलं. दशांशापर्यंत! संचालक स्वतः फुलं घेऊन भेटायला आले. सरांची खोली कुठल्या मजल्यावर आहे हे त्यांना ठाऊक नसल्याने ती फुलं आधी खालच्या मजल्यावर फिरून आली, एवढंच. वर्तमानपत्रात फोटो छापून आला: फळ्यासमोर सर, हात हवेत, मुद्रा गंभीर. फळ्यावरचं समीकरण आधीच्या तासाच्या मास्तरांचं होतं, पण ते कोण बघतो? सरांनी नवा कोट शिवला. आज मोठ्या सभागृहात व्याख्यान, आणि व्याख्यान संपताच संचालक सरांच्या खास अध्यासनाची घोषणा करणार होते. निवृत्तीपर्यंत शिकवणं नाही, पेपर तपासणं नाही. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आता पन्नास मिनिटांवर होतं.

आता पंचेचाळीस.

"ही ओळ आली कुठून?" सरांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

तीन वर्षांपूर्वीची परिषद. एका प्रयोगवाल्याने चुकून पुढची स्लाईड दाबली होती. कच्चा, अजून जाहीर न केलेला आकडा आठ सेकंद पडद्यावर होता. सरांनी तो गळ्यातल्या बिल्ल्याच्या पाठीवर टिपून घेतला. परत आल्यावर फाईलमध्ये घातला, फक्त बघायला, की आपलं मॉडेल त्याच्या जवळपास जातं का. जात नव्हतं. मग तो आकडा किती इकडेतिकडे चालेल ती चूक-मर्यादा त्यांनी अगदी बारीक ठेवली, म्हणजे मॉडेल बाकी सगळ्यांना सोडून यालाच मिठी मारेल. तेही फक्त बघायला. बघून झालं. ओळ काढायची राहिली.

"म्हणजे आपणच मॉडेलच्या कानात उत्तर सांगितलं," शंकाबाई म्हणाली. "त्याने ते मोठ्यांदा म्हणून दाखवलं. आणि आपण टाळ्या वाजवल्या."

"मुद्दाम नाही केलं मी."

"माहितेय, सर. मुद्दाम तुम्हाला जमलं नसतं."

सरांना ते कौतुक वाटलं. "ओळ काढून चालवून बघितलंस?"

"काल दुपारी. एकशे सदतीसने चुकतंय."

"वर की खाली?"

"त्याने काय फरक पडतो?"

"सहज. कुतूहल."

"वर."

"हं. आणि साडूंच्या जोडप्यांचं?"

"दोनाने."

"दोनशेने?"

"दोनाने, सर."

सर उठले, त्यांनी दार लोटून घेतलं, आणि आवाजात मध घातला. "अगं, तुझा अख्खा चौथा अध्याय यावर उभा आहे. तीन महिन्यांत प्रबंध द्यायचाय तुला. मी बुडालो तर तू काय काठावर उभी राहणारेस?"

"नाही राहणार. काल दुपारपासून घास उतरला नाहीये माझ्या घशाखाली."

"मग ऐक. आज व्याख्यान होऊ दे. पुढच्या आठवड्यात आपण शांतपणे दुरुस्ती छापू. बारीक टायपात. असल्या दुरुस्त्या कोणी वाचत नाही."

"आणि अध्यासन?"

"ते काही दुरुस्तीत येत नाही."

"सर," शंकाबाई थेट त्यांच्याकडे बघत म्हणाली, "दोन वर्षं हा प्रोग्रॅम मीच चालवतेय. मीही ओळी मोजल्या नाहीत. चूक माझीपण आहे, पेपरवर नाव माझंपण आहे. आज स्टेजवर तुम्ही सांगणार, की मी उभी राहू?"

"तू मला धमकी देतेस?"

"विचारतेय."

तेवढ्यात दार ढकलून साडू आत आले. दारावर टकटक करण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. केस नीट बसवलेले, हातात घडी घातलेला कागद, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू कोणीतरी ते इस्त्री करून दिलंय.

"साडूबुवा! काय कोट आहे हो! नवरदेव दिसताय."

"या," सर म्हणाले.

"बसत नाही. एकच सांगायला आलोय, आणि सभागृहात सगळ्यांसमोर सांगण्याआधी तुम्हाला सांगायचंय." साडूंनी कागद उघडला, पुन्हा मिटला. "मी हरलो. माझा आकडा दोनाने चुकला, तुमचा दशांशाला जुळला. वीस वर्षं भांडलो, आता संपलं. तुमचं झालं की मी उठून हे माइकवर म्हणणार आहे. आमची ही म्हणाली, घरातलं घरात ठेवा. मी म्हटलं, भांडलो चारचौघांत, मग हार का लपवायची?"

हे वाक्य ऐकण्यासाठी सर वीस वर्षं जगले होते. आंघोळ करताना, बँकेच्या रांगेत, बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना त्यांनी ते साडूंच्या तोंडी घालून पाहिलं होतं. त्यावरचं उत्तरही तयार होतं: 'अहो, विज्ञानात कसली हारजीत!' असलं वाक्य फक्त जिंकणाऱ्याच्या तोंडी शोभतं, म्हणून वीस वर्षं ते न वापरता पडून होतं. आता बोलायची वेळ आली, तर त्यातला पहिला 'अहो'सुद्धा बाहेर पडेना.

"सर, पाणी देऊ का?" शंकाबाईने विचारलं.

"फक्त एक सांगा," साडू टेबलाशी वाकले. आता त्यांचं हसू गेलं होतं. डोळ्यांत खरीखुरी भूक होती, वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या पोराची असते तशी. "रोज रात्री पडल्या पडल्या विचार करतोय. तुमचं मॉडेल मी पाठ केलंय हो. त्यातून एवढा नेमका आकडा निघू शकत नाही. आणि निघाला तर! कुठे चुकलो मी? कसा काढलात?"

शंकाबाईने लॅपटॉप मिटला नाही आणि त्यांच्याकडे वळवलाही नाही. ती नुसती सरांकडे बघत राहिली.

सरांनी कोटाची बटणं लावली. एक वरखाली झालं, ते तसंच राहू दिलं. टेबलावरची व्याख्यानाची फाईल उचलली, परत ठेवली, आणि दोघांच्या मधून ते दाराबाहेर पडले. डावीकडे सभागृह होतं. तिकडून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करत होतं. सर उजवीकडे वळले.

"अहो साडूबुवा!" मागून हाक आली. "तिकडे कुठे? सभागृह इकडे आहे!"

सर जिना उतरू लागले.