त्या पोराच्या कळपात एक कमी

एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी वारली. बुधवारी तिचा धाकटा भाऊ तलवाड्याहून आला, मेंढरं चुलत्याकडे सोपवून पंधरा दिवस राहिला.

या माझ्या मेहुण्याइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल. त्याला जे दिसतं त्यापेक्षा जे दिसत नाही त्याची काळजी जास्त. मेंढरं तो कधी मोजत नाही. कळप वाड्यात शिरताना नुसती नजर टाकतो आणि म्हणतो, ''काळ्या कानाची आली न्हाई.'' लग्नपत्रिका हातात पडली की नवरा-नवरी सोडून निमंत्रकांची यादी वाचतो. ''दाजी, धाकल्याचं नाव न्हाई. बिनसलंय.'' आणि खरंच बिनसलेलं असतं. खताच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचं हसरं शेतकरी जोडपं पाहूनही त्याने एकदा सुस्कारा सोडला होता : ''लेकरू कावून न्हाई ह्येंच्यासंगं?''

आमची दहा वर्षांची मुलगी तेव्हा शाळा सोडून दिवसभर मोबाइलवर एक गेम खेळत बसायची. बोलत नव्हती. तिला त्रास होईल म्हणून मीही घरात तिच्या आईचं नाव काढत नव्हतो. गेम लहान मुलांचाच : गावोगाव फिरून जनावरं पाळायची आणि प्रत्येक वेशीवर तोच एक उर्मट पोरगा आडवा येतो, त्याच्या जनावरांशी आपली झुंजवायची. मेहुणा तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि तिसऱ्याच गावात ओरडला, ''थांब! त्येचं ठिपक्याचं हरीण कुटंय? मागल्या गावात होतं की!''

''नसेल आणलं,'' मुलगी म्हणाली. कित्येक दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

''मेलं आसंल. म्हनून त्यो आसा वसवस करतोय.''

त्यानंतर त्याने त्या पोराचा सगळा इतिहास उभा केला. त्याच्या घराच्या चित्रात चूल पेटलेली नाही, म्हणजे आई नाही. आजा नुसता पाठमोरा उभा, म्हणजे अबोला आहे. आणि अशा पोराशी लढायचं नाही, असा त्याने हुकूमच काढला. दुखवट्याच्या घरी आधी भेटायला जातात. दोन दिवस मुलगी गेममधल्या त्या वेशीवर तशीच उभी.

''अरे, चित्र आहे ते!'' मी वैतागून म्हणालो.

''आसू द्या की. इच्यारायला काय जातंय?''

''काय विचारायचं, मामा?''

''कोन गेलं, कसं होतं, काय खायाचं. आमी मेंढरू गेलं तरी इच्यारतो.''

मुलीने सगळी बटणं दाबून पाहिली. ''लढ आणि पळ, दोनच आहेत. विचारायचं बटणच नाही.'' मग मोबाइल खाली ठेवून ती म्हणाली, ''आपल्या घरात पण मम्मीचं कुणीच विचारत नाही.''

मेहुणा माझ्याकडे पाहू लागला. मला पुस्तकातलं पुष्कळ येतं, पण त्या वेळी एवढंच सुचलं : ''तिला पोह्यातले शेंगदाणे आवडत नसत.''

''माहितीये. वेचून माझ्या ताटात टाकायची,'' मुलगी म्हणाली आणि हसली. मग रडली. मीही.

मेहुणा परत मेंढरांमागे गेला. सोमवारपासून मुलगी शाळेत जाऊ लागली. हरीण मेलेलं नाही, पाय मुरगळला म्हणून घरी ठेवलंय, असं तिचं ठाम मत आहे. मामाला ती फोनवर तसं ठणकावून सांगते.

आता घरात आम्ही दोघं असतो. जेवताना तिच्या आईविषयी बोलतो.