क्लिफर्डने दाखवलेली जागा

लोकांना शार्क दाखवायची नोकरी लागली आहे, असं क्लिफर्डने पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा त्याची आई सेलिनमावशी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "शार्क म्हणजे मुशीच ना? मग बाजारात दिसत नाहीत का त्यांना?" या प्रश्नावर आमचं नंदाखाल गाव महिनाभर हसत होतं. कुंपणापलीकडची शेजारीण म्हणून मीही भरपूर हसून घेतलं. आता तो प्रश्न आठवला की हसू येत नाही.

त्या घरात समुद्राशी कुणाचं देणंघेणं नव्हतं. त्याचे वडील, सॅन्टनकाका, केळी आणि पानवेली करायचे. खारं पाणी विहिरीत शिरू नये एवढीच त्यांची समुद्राकडे मागणी. पण हा मुलगा लहानपणापासून त्याच विहिरीत बुडी मारून तळाशी बसायचा आणि सेलिनमावशी काठावर उभी राहून सगळ्या संतांची नावं घ्यायची. पुढे बँकेच्या परीक्षेचा क्लास अर्धवट सोडून तो अंदमानला स्कूबा डायव्हिंग शिकायला गेला आणि तळकोकणातल्या एका कंपनीत लोकांना पाण्याखाली नेण्याच्या कामाला लागला. नताशाशी लग्न झालं, डिलन झाला, तरी आठ महिने तिकडे आणि पावसाळ्यात इकडे, असंच त्याचं चालू राहिलं.

ती जागा किनाऱ्यापासून खूप आत, भर समुद्रात आहे. वरून बघाल तर काहीच नाही, चहूकडे सारखंच पाणी. खाली मात्र प्रवाळाचं मोठं पठार. त्या खडकांत जाळी अडकून फाटतात, म्हणून मासेमारीच्या बोटी वळसा घालून जायच्या. क्लिफर्ड पाठीवर हवेची टाकी लावलेल्या चार-पाच जणांना घेऊन तिथे उतरायचा, त्यांना वाळूत गुडघ्यांवर बसवायचा आणि हात छातीशी धरायला लावायचा. हालचाल केली नाही की शार्क जवळ येतात. "चर्चमध्ये तर तुझे गुडघे दुखतात," असं सेलिनमावशीने ऐकवलं होतं.

त्या शार्कांमध्ये एक मोठी मादी होती. तिच्या पाठीवरच्या पंखाचं टोक फाटून दोन झालेलं. आमच्या रेजिनाआजीच्या, म्हणजे क्लिफर्डच्या आजीच्या, कानाची पाळी जड कुड्यांनी अशीच फाटली होती. म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं रेजिना. दर उन्हाळ्यात ती पिल्लं घालायला त्याच पठारावर यायची. पावसाळ्यात घरी आला की क्लिफर्ड कुंपणाला टेकून मला तिची खबर सांगायचा, सासरी दिलेल्या बहिणीची सांगावी तशी. यंदा आली, उशिरा आली, पोट खाली आलंय. मी केळीच्या सुकल्या पानांचा कचरा ओढत हूं हूं करायचे. खरं सांगते, मलाही तिची सवय झाली होती.

बाप्तिस्म्याच्या वेळी डिलनचा धर्मपिता झाला तो क्लेटन, वसईच्या पाचूबंदरचा, क्लिफर्डचा कॉलेजातला मित्र. घरची मासेमारीची बोट, ती हाकणारा तांडेल तो स्वतःच. आमच्याकडे धर्मपिता शक्यतो भाऊबंदांतला धरतात, त्यामुळे सेलिनमावशी आठवडाभर फुगून होती. मग ईस्टरला क्लेटन ताटाएवढं पापलेट घेऊन आला आणि तिचा राग तिथल्या तिथे विरघळला. माणूस सोन्यासारखा. डिलनला ताप आला तर हा वसईहून मोटारसायकल हाणत येणार.

एका उन्हाळ्यात क्लिफर्डने त्याला आपल्याबरोबर नेलं. सगळा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाने पाण्याखाली काय असतं ते एकदाही पाहिलं नाही, हे त्याला बरं वाटत नव्हतं. क्लेटन खाली उतरला, वाळूत गुडघे टेकून बसला. रेजिना त्याच्या खांद्याजवळून गेली. वर आल्यावर त्याने आधी कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. "देवानं काय काय ठेवलंय रं खाली," एवढंच म्हणाला. क्लिफर्डला आनंद मावेना. आपल्या हौशीचं आपल्या माणसांतल्या कुणीतरी पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. त्या भरात त्याने सगळं सांगून टाकलं. पूर्वेकडच्या बाजूला नुसती वाळू आहे, खडक नाही. पिल्लं तिथेच उथळात राहतात, आणि त्या दिवसांत त्यांच्या आयाही तिथेच असतात. परतताना क्लेटनने विचारलं तेव्हा ती जागा नकाशावर कशी सापडते तेही दाखवलं. मुलाच्या धर्मपित्यापासून काय लपवायचं?

पुढच्या उन्हाळ्यात नताशाला मुलगी झाली, म्हणून हंगाम संपायच्या आधीच क्लिफर्ड घरी आला. बाळ किरकिरं, आईला दूध पुरेना. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी ते भांडंभर प्यायले आहे. पण क्लिफर्डने लग्नापासून घरात मुशी येऊ दिली नव्हती, आणि सेलिनमावशीने या कारणावरून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बाळ रडायचं, नताशा रडायची, मावशी चुलीपाशी भांडी आपटायची. सगळं माझ्या पडवीत ऐकू यायचं.

अशात क्लेटन आला. खांद्यावर बर्फाने भरलेली टोपली, वर केळीचं पान. आल्या आल्या त्याने ती मावशीच्या पुढ्यात ठेवली. "बालंतिनीला आनलीत, मावशे. मुद्दाम कवली कवली निवरलीत."

मी तेव्हा बाळाला तेल लावायला तिथेच बसले होते. क्लिफर्डने पान बाजूला केलं. हातभर लांबीची पिल्लं होती, पंखांच्या टोकांना काळी शाई लावल्यासारखी. त्याने एक उचललं आणि पोटाकडून बघितलं. बेंबीची जखम अजून भरलेली नव्हती.

"कुठे मिळाली?" त्याने विचारलं.

"तुझ्याच जागंवर," क्लेटन म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुललेला होता की माझ्याच्याने बघवेना. "तू बोल्लास तशीच वालू निंगाली. जालं टाकलं, एक दोरी पन नाय तुटली. चार फेऱ्या केल्या."

"मोठ्या?"

"मोठ्या पन गावल्या. एकीचा पंख फाटलेला, पंख घेनाऱ्या व्यापाऱ्यानं तेवऱ्यावरनं कटकट केली."

क्लिफर्डने पिल्लू परत बर्फावर ठेवलं, अगदी हळू, जसं काही झोपलेलं होतं. मला वाटलं आता हा ओरडेल, टोपली अंगणात भिरकावेल. काय सांगू, भिरकावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण नताशाच्या मांडीवर बाळ भुकेने कळवळत होतं आणि समोर त्याच्या मुलाचा धर्मपिता उभा होता, स्वतःच्या हातांनी निवडून आणलेला घास घेऊन. भांडायचं तरी कुणाशी? क्लिफर्ड मागच्या दाराने विहिरीकडे गेला. सेलिनमावशीने विळी घेतली.

दूध आलं. दोनच दिवसांत आलं, आणि चांगलं आलं. मावशीने गावभर सांगितलं.

नामकरणाच्या वेळी मात्र घरात पुन्हा भडका उडाला. पहिल्या मुलीला आजीचं किंवा पणजीचं नाव ठेवायची आमची रीत, म्हणून सगळ्यांनी रेजिना धरून ठेवलं होतं. क्लिफर्ड नको म्हणाला. कारण सांगेना. सॅन्टनकाका म्हणाले, माझ्या आईच्या नावाची तुला लाज वाटते का? तरी याचं एकच, नको. मुलीचं नाव ॲनिशा ठेवलं आणि काकांनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. मला कारण ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर काकांना आणखी लागलं असतं. आईचं नाव मुशीला दिलं, हे कुठल्या मुलाला आवडेल?

पावसाळ्यानंतर तो पुन्हा त्या पठारावर गेला. आशा सुटत नाही माणसाची. त्याने पर्यटकांना वाळूत बसवलं, हात छातीशी धरायला लावले, आणि टाकीतली हवा संपत येईपर्यंत सगळे वाट बघत राहिले. एकही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही. उन्हाळा आला तरी पूर्वेकडची वाळू रिकामीच. रंगीत मासे पुष्कळ होते, पण लोक शार्क बघायला आलेले. मालकाने त्या फेऱ्या बंद केल्या.

आता क्लिफर्ड वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीच्या तलावात मुलांना पोहायला शिकवतो. निळ्या लाद्या, कमरेएवढं पाणी. मी एकदा म्हटलं, अंदमानला जा परत, तिकडे असतील अजून. तो म्हणाला, "तिकडे पण कुणीतरी कुणाला तरी दाखवलंच असेल, ताई." हल्ली तो कुंपणापाशी थांबत नाही. मीही काही विचारत नाही. विचारण्यासारखं राहिलंय काय?

परवा नाताळच्या दुसऱ्या दिवशी क्लेटन मुलांसाठी खाऊ घेऊन आला. मी कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, द्यायला गेले होते. ॲनिशा त्याच्या खांद्यावर चढून बसली होती, गुटगुटीत, गालांना हात लावावासा वाटेल अशी. "मुशीच्या कालवणावर पोसलीय," मावशी कौतुकाने म्हणाली. क्लेटन हसला. मग त्याचा चेहरा जरा उतरला.

"तुझ्या त्या जागंवर आता काय गावत नाय रं," तो क्लिफर्डला म्हणाला. "यंदा दोनदा जाऊन आलो, फुकट गेलं." मग जवळ सरकून त्याने क्लिफर्डच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुसरी जागा असंल तर सांग. तुला पन नेतो संगती."

क्लिफर्डने खांद्यावरच्या मुलीकडे बघितलं. ती क्लेटनचे केस ओढत होती.

"नाही," तो म्हणाला. "मला ती एकच माहीत होती."