दुःखसहनाच्या सप्ताहात नाताळचं गाणं

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं हात वर केल्यानं आली आहेत. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा डेपोच्या बैठकीत काखेतलं घामोळं खाजवायला हात वर केला आणि वर्षभर मुक्कामाची गाडी गळ्यात पडली. तेवढ्यावर शहाणा झालो असतो तर ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी जे झालं ते झालं नसतं.

काष्टीपासून आत, उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. चर्च म्हणजे पत्र्याची लांबट खोली, पुढं ओटा, ओट्यावर घंटा. झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीच्या झावळ्या हलवत गात येतो आणि आत बसल्यावरही त्या हातातच राहतात. त्या दिवशी उपदेश लांबला. मी झावळी उभी धरून तिच्याच आधारानं डुलकी घेत होतो. पाळकसाहेब सूचना देत होते. उद्यापासून येशूच्या दुःखसहनाचा सप्ताह, रोज पहाटे पाचला प्रार्थना. मग त्यांनी विचारलं, "बाईंना चारीपलीकडून आणायला कोण जाईल? हात वर करा."

शेजाऱ्यानं मला कोपर मारलं ते घोरतोय म्हणून. मी दचकलो आणि झावळी वर गेली.

"देवाची स्तुती असो," पाळकसाहेब म्हणाले. मागं बायकांच्या बाजूनं "आमेन" आलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता, कारण तिनं मला ओळखलं नव्हतं. बाहेर आल्यावर ओळखलं.

"अहो, तुम्हाला हात खाली ठेवता येत नाही का? वाघ फिरतोय तिकडं."

वाघ म्हणजे बिबट्या. बिबट्या वनखात्यानं म्हणायचं, आम्ही वाघच म्हणतो, भीती तेवढीच लागते. कारखान्याचा हंगाम संपत आला होता. ऊस तुटला की त्यातला वाघ उघड्यावर येतो आणि राहिलेल्या एखाद्या फडात दडतो. त्या वर्षी राहिलेला फड नेमका चारीच्या, म्हणजे कालव्याच्या पाटाच्या, कडेचा होता. एका गोठ्यातून शेळी गेली. कुत्री कमी झाली. वनखात्यानं पिंजरा आणला, आत एक शेळी बांधली, ती रात्रभर ओरडायची आणि दिवसभर पाला खायची. वाघ आला नाही, शेळी मात्र चांगली बाळसं धरून निघाली. उजाडल्याशिवाय कोणी दार उघडेना. डेअरीला दूध उशिरा जायला लागलं.

आणि मला पहाटे, अंधारात, त्याच फडाच्या कडेनं बाईंना आणायला जायचं होतं.

बाई म्हणजे आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या बाई. ऐंशीच्या घरात. वस्तीतल्या प्रत्येकाला त्यांनीच गाणी शिकवली, मलाही, अर्थात माझ्या बाबतीत त्यांना यश आलं नाही. मुलगा पुण्यात, त्या चारीपलीकडं एकट्या. मुलानं हिवाळ्यात त्यांना पुण्याला नेलं होतं, तिथून त्या काळा चष्मा घालून परत आल्या. तेव्हापासून त्यांना दिसत नाही असं सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. माझ्याकडं स्कूटर आहे, पण तिकडं जायला पाऊलवाट, आणि चारीवर पूल म्हणून टाकलेले दोन सिमेंटचे खांब. पाळकसाहेबांनी त्यांना आठवडाभर आपल्या घरी झोपायला बोलावलं होतं. "माझ्या कोंबड्या कोण झाकील?" त्या म्हणाल्या, विषय संपला. प्रार्थना चुकवणं हा पर्याय त्यांच्यापुढं कोणी ठेवलासुद्धा नाही. कॉलऱ्याच्या साथीत चुकवली नाही, नवरा गेला त्या वर्षी चुकवली नाही, हे वस्तीला पाठ होतं.

सोमवारी निघालो तेव्हा माझ्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी होती. फड सुरू झाला. उसाची पाती एकमेकांना घासतात तेव्हा कोणीतरी कुजबुजत चाललंय असं वाटतं. वनखात्याच्या माणसानं सांगितलं होतं, चालताना आवाज करत जा. मी प्रार्थना करायला लागलो, पण माझी प्रार्थना मलाच ऐकू येईना. म्हणून गाणं म्हणायचं ठरवलं.

इथं एक अडचण सांगितली पाहिजे. दुःखसहनाच्या सप्ताहात आमच्यात फक्त रडकी गाणी. संथ, खालच्या पट्टीत. ढोलकी कपाटात, टाळ्या बंद. मी एक सुरू केलं. दोन ओळींत मलाच इतकं उदास वाटलं, की वाघ आलाच तर त्याच्यापुढं मान खाली घालून उभा राहीन असं झालं. त्यात माझ्या पायाशी काहीतरी सळसळलं. बेडूक असेल, सरडा असेल. माझ्या तोंडातून आपोआप नाताळचं गाणं बाहेर पडलं. डिसेंबरात घरोघर फिरताना म्हणतो ते, मेंढपाळांचं, प्रत्येक ओळीला टाळ्या असलेलं. काठी काखेत घेऊन मी टाळ्या वाजवल्या, त्यामुळं टॉर्चचा उजेड आभाळात, उसात, माझ्या तोंडावर असा कुठंही पडत होता. चाल मला कधीच जमली नाही, पण आवाज एसटीतला आहे. श्रीगोंदा स्टँडवर तो कर्जतच्या गाडीपर्यंत जायचा.

बाई दारात उभ्या होत्या. अंधारात काळा चष्मा.

"सलाम, बाई."

"सलाम. येशूचा जन्म झाला वाटतं."

"घाबरून म्हटलं, बाई."

हे मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "आनंद झाला की कुठलंही गाणं येतं." त्यांनी माझी बाही घट्ट धरली, आणि आम्ही निघालो. जाताना मी ते गाणं पुन्हा म्हटलं, पहिलंच कडवं, कारण दुसरं येत नाही. बाईंनी ना साथ दिली, ना अडवलं.

त्या दिवशी प्रार्थनेला पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस, बाई आणि मी. बाकी सगळे दारं लावून घरात. प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "गाणं वस्तीभर ऐकू आलं. सप्ताह कोणता आहे?" मी मान खाली घातली. एका म्हाताऱ्या काकांनी तर झोपेत ते ऐकून दिवा लावला, शर्ट घातला आणि नाताळची मंडळी आली म्हणून दारात खुर्च्या टाकल्या होत्या.

चारीच्या अलीकडं एक बागाईतदार राहतात, आमच्यातले नाहीत, पण वर्षानुवर्षांचा शेजार. ते रस्त्यात भेटले.

"कंडक्टर, तुमच्या गाण्यानं वाघ पळतो का न्हाई म्हाईत न्हाई. आमची म्हस मात्र पान्हा चोरायला लागलीय."

"उद्या हळू म्हणतो."

"हळू म्हनून काय उपेग? म्हनायचंच तर नीट म्हना. आमच्या मंडळींचं आता पाठ झालंय, तुमचंच चुकतंय."

मंगळवारी मी रडकं गाणं म्हणायचा प्रामाणिक प्रयत्न केला. फडाच्या तोंडापर्यंत टिकलं. बुधवारी तेवढंही नाही. आणि वस्तीत वेगळीच बातमी पसरली. मी इतकी वर्षं मागच्या बाकावर झोपणारा माणूस, आता पहाटे गात जातो, म्हणजे पवित्र आत्म्यानं भरलो आहे. बुधवारी प्रार्थनेला दोन घरं वाढली. एक बाई माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्या ह्यांचा आवाज आला आणि मला धीर आला. म्हटलं, त्यांना भीती नाही तर आपल्याला का?" बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा मी अंथरुणात होतो आणि पहाटेच्या भीतीनं उशाखालचा टॉर्च पुन्हा पुन्हा चाचपत होतो. मला इतकं खोटं कधी वाटलं नव्हतं. तिकीट न फाडता पैसे घेतल्यासारखं. उद्या सांगून टाकू, दुसरा कोणी पाठवा, असं ठरवूनच झोपलो.

गुरुवारी बाईंना घेऊन परत येत होतो. खांबांवरून चारी ओलांडली. मी गात होतो. बाईंचा चष्मा नाकावर घसरला होता. त्यांनी माझी बाही ओढली.

"थांब. गाणं थांबवू नको, गात उभा राहा."

"काय झालं?"

"तिथं. बांधावर. बसलाय."

मला काही दिसेना. मी टॉर्च फिरवला. बांधावर दोन हिरवट ठिपके होते, आणि ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांच्याभोवती कान दिसले, खांदे दिसले. आमच्यापासून बसच्या लांबीइतका दूर असेल. मला गाणं म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आत काहीच नव्हतं. आवाज कुठं गेला कळलं नाही. काठी हातातून पडली तीही कळली नाही. माझ्या मनात एकही वचन आलं नाही, देवाचं नावसुद्धा आलं नाही, आलं एवढंच की घरी पाण्याची मोटर चालू राहिली आहे.

माझ्या बाजूनं एक बारीक, चिरका आवाज सुरू झाला. बाई गात होत्या. तेच गाणं. दुसरं कडवं, मला न येणारं, ज्यात मेंढपाळ रानात आपली मेंढरं राखत बसलेत आणि अंधारात उजेड पडल्यावर फार घाबरलेत. आवाज थरथरत होता, पण चाल अगदी बरोबर. त्या टाळ्याही वाजवत होत्या, आणि एका हातात माझी बाही असल्यामुळं प्रत्येक टाळीला माझाही हात हलत होता.

वाघ उठला. घाईत नव्हता. अंग ताणलं आणि उसात उतरला. ऊस हलला, मग हलायचा थांबला. कुठं थांबला ते दिसत नव्हतं, म्हणून ते जास्त वाईट होतं.

आम्ही मागं बघत, अडखळत, जवळजवळ पळतच चर्चच्या ओट्यापर्यंत आलो. बाई ओट्यावर बसल्या, चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला.

"बाई, तुम्हाला तो दिसला. माझ्याआधी."

"हं."

"पुण्याला काय झालं होतं?"

"मोतीबिंदू काढला. चांगलं दिसतं आता. तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय."

"मग रोज मी कशाला...?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घातला. "दिसतं म्हटलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असता, बाई येतील एकट्या. मला एकटीला भीती वाटते रे. सगळ्या वस्तीला लहानपणी भिऊ नका, भिऊ नका शिकवलं. आता कोणत्या तोंडानं सांगू? डोळ्यांचं सांगायला सोपं होतं."

मी बसलो त्यांच्या शेजारी. माझ्या घशातून फक्त हवा येत होती, तरी मी सांगितलं. झावळीचं, झोपेचं, भीतीचं, सगळं. त्या ऐकत होत्या.

"ते मला सोमवारीच कळलं," त्या म्हणाल्या. "तुझी बाही धरली की तुझा हात कापतो. मला वाटायचं, चला, एकटी नाही मी."

प्रार्थना झाल्यावर, वाघाचं ऐकून, पाळकसाहेब म्हणाले की उद्यापासून पहाटेची सभा बंद करू, उत्तम शुक्रवारची दुपारची उपासना तेवढी ठेवू. बाई म्हणाल्या, "बंद करा. मी पाचला येऊन ओट्यावर बसेन." मग माझ्याकडं वळल्या. "तू येशील का? भीतभीत आलास तरी चालेल."

माझा हात वर गेला. या वेळी मी जागा होतो.

शुक्रवारी माझा घसा पूर्ण बसला होता. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या, बायकोनं आल्याचा तुकडा दिला, आवाज काही परत आला नाही. बायको म्हणाली, "मी येते." मी खुणेनं नको म्हटलं, तिनं खूण बघितलीच नाही. फडापाशी आलो. टाळ्या वाजवल्या, पण नुसत्या टाळ्या अंधारात फार एकट्या वाटतात. बायकोही गाईना, तिचे दात वाजत होते.

अलीकडच्या गोठ्यातून हाक आली. "काय कंडक्टर, आज गाडी बंद का?"

"घसा बसलाय त्यांचा," बायको ओरडली.

गोठ्याचं फाटक वाजलं. मग ट्रॅक्टर चालू झाला. हेडलाईटचा झोत वाटेवर पडला आणि त्यामागून बागाईतदारांच्या मंडळींचा आवाज आला, मेंढपाळांचं गाणं, पहिलं कडवं, माझ्याच चुकीच्या चालीत. पलीकडून म्हाताऱ्या काकांनी उचललं. मग ज्या बाईला माझ्यामुळं धीर आला होता ती. अंगणाअंगणातून दिवे लागले. आम्ही बाईंना घेऊन येईपर्यंत वस्ती वाटेवर उभी होती, ट्रॅक्टर चारीपाशी धडधडत होता आणि येशूच्या मरणाच्या, वर्षातल्या सगळ्यात दुःखाच्या दिवशी पहाटे सगळे येशूच्या जन्माचं गाणं म्हणत होते. पाळकसाहेब चर्चच्या दारात, हात कडीवर. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "आधी आत या सगळे. दार लावायचंय."

आत आम्ही दाटीनं बसलो. प्रार्थनेत कोणीही आज धैर्याबद्दल बोललं नाही. एकेकानं आपली भीती सांगितली, कोणी वाघाची, कोणी मुलाच्या नोकरीची, माझ्या बायकोनं माझ्या रक्तदाबाची. बाईंनी आपल्या डोळ्यांचं सांगितलं. कोणी हसलं नाही.

उजाडल्यावर मी बाईंना सोडायला गेलो. खांबांच्या अलीकडं ओली माती आहे. तिथं पहाटेचे आमचे सगळ्यांचे चपलांचे ठसे होते, आणि त्यांच्यावर, बायकोच्या टाचेच्या ठशाच्या बरोबर मध्ये, रुंद, चार बोटांचा पंजा. ट्रॅक्टरचा उजेड पुढं होता, गाणं पुढं होतं, आणि तो आमच्या मागून काही अंतर चालत आला होता.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून नीट बघितलं.

"उद्या मागं चालणारा एक जण हवा," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात खिशात घातले. मग एक बाहेर काढला.