सोनचाफ्याची परीक्षा

रिटायर झाल्यावर माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. एक, औषधांच्या अर्धवट स्ट्रिप्स आणि दुसरे किस्से. स्ट्रिप्स निदान एक्स्पायरी बघून टाकता येतात. किश्शांना तीही सोय नाही! त्यात माझ्याकडचे सगळे वृद्धाश्रमांचे. हसायला सुरुवात करावी आणि मध्येच गप्प व्हावं, असे. तरी ऐका.

आम्ही तिघी. मी शैला, आयुष्यभर हॉस्पिटलात सिस्टर होते. दुसरी फिलू, म्हणजे फिलोमिना, शाळेत गणित शिकवायची, आवाज अजून वर्गाएवढाच. तिसरी हिरा, वसईजवळच्या निर्मळ गावची. तिची केळीची वाडी आणि बांधाला सोनचाफा. बाजारात तिच्याकडून फुलं घेता घेता आमची मैत्री झाली.

एकदा फिलूच्या भाच्याचा ऑस्ट्रेलियातून फोन आला. "आंटी, मम्मीसाठी एक होम बघितलंय ऑनलाइन. जरा जाऊन बघाल?" आम्ही तिघी गेलो. मग त्याच्या मित्राचा फोन, मित्राच्या बहिणीचा फोन. वसईत कुणाचं ना कुणाचं मूल परदेशात असतंच. बघता बघता आम्ही 'इन्स्पेक्टरबाई' झालो.

तेव्हा मजा वाटायची. लोकांसाठी घरं बघता बघता आमच्या हिरासाठीच घर बघायची पाळी येईल, हे कुणाच्या मनात होतं?

* * *

पहिलं होम नालासोपाऱ्याला, एका बिल्डिंगमध्ये. मालक टाय लावून उभा. "मॅडम, टीव्ही आहे, एसी आहे, सीसीटीव्ही आहे."

मी म्हटलं, "आणि माणसं?"

"आहेत ना, आत आहेत!"

आत एक आजोबा होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून त्यांना खुर्चीत बसवलं होतं. फिलूने विचारलं, "जेवण कसं असतं आजोबा?"

आजोबांनी आधी मालकाकडे बघितलं. "चांगलं असतं."

"आज भाजी कसली होती?"

"चांगली होती."

"अहो, पण कसली?"

आजोबांनी पुन्हा मालकाकडे बघितलं. "चांगल्यापैकी!"

इतक्यात मालकाला फोन आला, तो बाहेर गेला. आजोबा खुर्चीत पुढे सरकले. "कोणाला ठेवायला आलात?"

"माझ्या बहिणीला," फिलू म्हणाली.

"ठेवा. पण सांगून ठेवा. मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणून आणलं होतं."

मी सिस्टर. सवयीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मोतीबिंदू अजून तिथेच होता.

* * *

विरारच्या बाजूला एक होम अगदी नवंकोरं. प्रत्येक कॉटला बेल! मी खूश झाले. म्हटलं, चला, कुणाला तरी अक्कल आहे. मग नीट बघितलं तर सगळ्या बेलच्या वायरी गुंडाळून वर खिडकीच्या गजांना बांधलेल्या. झोपलेल्या माणसाचा हात सात जन्मात पोचणार नाही.

"ह्या अशा का बांधल्यात?"

सुपरवायझर बाई कौतुकाने म्हणाली, "अहो मॅडम, खाली ठेवल्या की वाजवतात!"

माझं डोकंच फिरलं. "मग बेल कशाला लावलीत, आरतीला?"

बाहेर आल्यावर हिरा म्हणाली, "बाय, बेल वाजली आणि कोणी 'आले, आले' म्हटलं, तेवढं जरी झालं ना, तरी म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो."

मी हो म्हटलं. माझ्या फ्लॅटची बेल कुरियरवालाच वाजवतो, आणि तोसुद्धा शेजारच्यांचं पार्सल घेऊन येतो. मिस्टर गेले, लेक बंगलोरला. पण ते असो, विषय माझा नाही.

* * *

एका ठिकाणी आम्ही रविवारी गेलो तर फुगे, केक, टोप्या! कुठल्या तरी ग्रुपचे लोक फळं वाटायला आले होते. मधोमध एक गोड आजी, डोक्यावर चमचमती टोपी, हातात सुरी. सगळे टाळ्या वाजवून गात होते. फिलूचा आवाज अर्थातच सगळ्यांच्या वर. तिचे डोळे पाणावले. मला म्हणाली, "बघ शैला, अशी पण ठिकाणं असतात गं."

केक कापून झाला, मोबाइलमध्ये फोटो झाले, मंडळी जायला निघाली. फिलूने आजींचा हात हातात घेतला. "हॅपी बर्थडे आजी! कितवा हो?"

आजी टोपी काढत म्हणाल्या, "ह्या महिन्यातला तिसरा."

"म्हणजे?"

"माझा फोटो बरा येतो म्हणतात."

फिलू रिक्षात बसली ती घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. ते पाहून मलाच भीती वाटली.

* * *

आता आमची परीक्षा. ही हिराने शोधली.

मी नर्स, त्यामुळे मी पडून पडून पाठीवर झालेले व्रण बघायची. फिलू स्वयंपाकघरात घुसायची. हिरा मात्र काहीच बघायची नाही. पिशवीतून सोनचाफा काढायची आणि एकेका आजीच्या केसात एकेक फूल खोचायची. मला वाटायचं, भोळी आहे बिचारी, फुलं वाटत फिरते.

एका होममध्ये सगळं पास झालं होतं. लादी चकचकीत, वरण गरम, सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे. मी भाच्याच्या मित्राला 'बेस्ट आहे' म्हणून कळवणार, तर हिरा म्हणाली, "थांब बाय. पुढच्या आठवड्यात न सांगता जाऊ."

गेलो. कपडे बदललेले, चादरी बदललेल्या. आणि ओळीने बसलेल्या प्रत्येक आजीच्या केसात तोच सोनचाफा, वाळून तपकिरी झालेला!

"बघ," हिरा म्हणाली. "आठवडाभर एकीच्या डोक्याला फणी लागली नाही. जिथे डोक्यावरून हात फिरत नाही, तिथे बाकीचं सगळं दाखवायला असतं."

तेव्हापासून आमची परीक्षा ती एकच. फूल निघालं असेल तर होम पास, नाहीतर नापास. मी इतकी वर्षं वॉर्ड सांभाळले, पण हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि त्याचा मला रागच आला.

* * *

हे सगळं मी त्या मित्राला फोनवर सांगितलं. बराच वेळ बोलले. वाळलेलं फूल, न विंचरलेले केस, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, पोराच्या काळजाला लागलं.

"आंटी, फुलांचं ठीक आहे," तो म्हणाला, "पण तिथे पार्किंग आहे का? नाही म्हणजे, आम्ही भेटायला आलो की गाडी असणार."

"आहे ना! येणार कधी?"

"बघू. नेक्स्ट टू नेक्स्ट इयर."

* * *

मग हिराच पडली. वाडीत फुलं काढताना. अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू गेली. बोलणं तेवढं वाचलं, डोकं शाबूत, पण उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

मुलगा दीपक आणि सून दोघंही नोकरीला. सकाळी अंधारात निघतात, रात्री परततात. घरी ठेवलेल्या बाया टिकल्या नाहीत. एक दिवस हिरा बाथरूमजवळ पडली ती दुपारभर तशीच. त्या दिवशी दीपक माझ्या दारात येऊन रडला. एवढा बाप्या माणूस, पण लहान मुलासारखा.

"काकू, तुम्हीच बघा कुठलं ते."

हिराला खोटं सांगायचं नाही, हे आमचं ठरलेलंच होतं. मी तिच्या कॉटवर बसले आणि सरळ सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. फक्त सोनचाफा घेऊन जा."

फिलू आणि मी पुन्हा हिंडलो. उमेळ्याला एक लहानसं होम मिळालं, जिथे फुलं निघालेली होती. संगीता नावाची आया होती, सगळ्यांना तेल लावून वेण्या घालायची. हिराचे केस कमरेपर्यंत. संगीता म्हणाली, "मावशी, तुमच्या केसांना माझी अर्धी सकाळ जाणार!" हिरा खूप दिवसांनी हसली.

दीपक मला म्हणाला, "काकू, दर रविवारी फूल लावा आणि मला सांगा. ज्या दिवशी फूल राहिलेलं दिसेल, त्या दिवशी मी नोकरी सोडणार आणि आईला घरी आणणार." म्हणाला म्हणजे करणारच. आईवर गेलाय.

आणि खरंच, दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "काकू, फूल?"

"निघालं होतं रे."

मग तो "बरं" म्हणायचा, आणि त्या 'बरं'मध्ये त्याचा आठवडा निघायचा.

* * *

फिलू मुलीकडे कॅनडाला गेली. कायमची. जाताना म्हणाली, "तिकडे मला कुठल्या होममध्ये टाकलं तर इन्स्पेक्शनला ये हां!" मी म्हटलं, "तिकीट पाठव." दोघीही हसलो आणि दोघींनाही रडू आलं.

आता रविवारी मी एकटीच जाते. हिराची सून वाडीतला सोनचाफा केळीच्या पानात बांधून देते.

तर परवा-परवाची गोष्ट. गेले, हिराच्या मागे उभी राहिले आणि बघते तर अंबाड्यात मागच्या रविवारचं फूल. तपकिरी. केसांत बोटं शिरेनात, नुसता गुंता. 

"संगीता कुठे आहे?"

"काम सोडून गावाला गेली. नवीन पोरगी आहे, एकटीच. तिला कुणाकुणाकडे बघायचं?" हिराने डाव्या हाताने माझा पदर धरला. "बाय, दीपकला सांगू नको."

"हिरा, परीक्षा तुझीच आहे."

"म्हणून तर सांगते. त्याला बायकोकडे बघायचंय, पोरांचं शिक्षण बघायचंय. तो माझ्यापाशी बसून राहिला तर मी त्याच्याकडे बघत कशी जगू?"

मी वाळलेलं फूल काढलं, गुंता सोडवून केस विंचरले, ताजं फूल लावलं. पण मला राग आवरेना. जाताना म्हटलं, "ह्या वेळी नाही सांगत. पुढच्या रविवारी परत दिसलं, तर मात्र सांगणार. मला खोटं बोलता येत नाही."

संध्याकाळी दीपकचा फोन आला. "काकू, फूल?" मी म्हटलं, "आता ताजं लावून आले." तो "बरं" म्हणाला.

पुढच्या रविवारी गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत हिरा बसली होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. कमरेपर्यंतचे केस गेलेले, पुरुषासारखे बारीक कापलेले. मान उघडी, लहान मुलीसारखी.

मी त्या नवीन पोरीवर ओरडले. "कोणी सांगितलं तुला कापायला?"

पोरगी घाबरली. "मावशी स्वतः बोलली! मी नाय म्हणत होती. मावशी चार दिवस मागे लागलेली, काप म्हणून."

मी हिराकडे बघितलं. 

"दीपकला सांग," ती म्हणाली, "आता फूल राहतच नाही."

मी तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि चक्क रडले. मांडीवर केळीच्या पानातला सोनचाफा तसाच. हिराने डाव्या हाताने पान उलगडलं आणि त्यातलं एक फूल उचललं.

"वाक जरा."

मी वाकले. एका हाताने तिला जमेना. दोनदा फूल खाली पडलं. तिसऱ्यांदा तिने ते माझ्या अंबाड्यात घट्ट खोचलं, मागे रेलून बघितलं आणि म्हणाली,

"आता पुढच्या रविवारी ये. बघते, तुझं कोण काढतं ते."